नाकेदारनानांची गूळबंदी

आमच्या बोळात पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी त्याची झडती व्हायची. झडती घेणारे नाकेदारनाना. अंगात बंद गळ्याचा खाकी कोट, डोक्याला रुमाल, हातात वेताची छडी. बोळाच्या तोंडाशी उभे राहून ते विचारायचे, "कुठून आलात, कुठं चाललात, पिशवीत काय?" एकदा दिवाळीनंतर माझा सख्खा भाऊ मला माहेरी न्यायला आला. आईनं माझ्या घरच्यांसाठी त्याच्याजवळ करंज्या दिल्या होत्या. नानांनी डबा उघडला, वास घेतला आणि बजावलं, की हे वरच्या फळीवर ठेवा, खाली दिसलं तर जप्त होईल. माझा भाऊ खेड्यातला माणूस. त्याला वाटलं निजाम सरकारनं करंजीवर बंदी घातली. घरात येऊन हळूच म्हणाला, "ताई, मी डबा परत नेऊ का? उगाच तुमच्यामागं कटकट नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर जाऊन नानांना जे बोलायचं ते बोलले, आणि मी बोलायला लागले म्हणजे थोडक्यात आटपत नाही. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शिव्या ऐकायची त्यांना सवय होती. तीस वर्षं त्याचाच तर पगार खाल्ला होता त्यांनी.

आणि हे सगळं कोणासाठी? तर एका कुत्र्यासाठी.

थांबा, नीट सांगते. ही गोष्ट जुन्या जालन्यातली, माझं लग्न नुकतं झालं होतं तेव्हाची. राज्य निजामाचं होतं, दुसरी मोठी लढाई अजून लागायची होती. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला होते आणि आम्ही एका बोळात दोन खोल्यांत राहायचो. समोर एका पत्र्याच्या खोलीत नाकेदारनाना. त्यांचं खरं नाव बोळात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते करोडगिरी खात्यात होते, म्हणजे हद्दीवर माल अडवून जकात घेणारं खातं. देऊळगाव राजाच्या रस्त्याला, जिथं आपलं राज्य संपून वऱ्हाड सुरू होतं, तिथल्या नाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. गाड्या थांबवायच्या, पोती उघडायची, गवताखाली हात घालून बघायचं. नोकरी संपली तरी त्यांचा हात काही थांबला नाही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, गावची जमीन पुतण्यांनी कसायला घेतलेली. एकटा जीव.

नानांचा कोणाच्याही बोलण्यावर विश्वास नसायचा. मी म्हटलं, "नाना, भाजी संपली हो," तर ते म्हणायचे, "असं सगळेच म्हणतात," आणि भगुण्यावरचं झाकण उचलून बघायचे. गवळण म्हणाली दुधात पाणी नाही, की "असं सगळेच म्हणतात." आमचे हे एकदा तापानं फणफणले होते, तर नानांनी आधी कपाळाला हात लावून बघितला आणि मगच चुकचुकले. मी बोळातली सून म्हणून त्यांच्यासमोर पदर सांभाळून वागायचे, पण जीभ काही मला सांभाळता यायची नाही. तरी त्यांनी मला कधी उलट उत्तर दिलं नाही. "सूनबाई, तुमचं बराबर आहे," म्हणायचे आणि पुन्हा झाकण उचलायचे.

त्यांचा कुत्रा मुन्शी. काळा कुळकुळीत, अंगावर पांढरा केस औषधाला नाही. नाक्यावरून नाना दोनच गोष्टी घेऊन आले, एक लोखंडी पेटी आणि दुसरा हा मुन्शी. मोठा सभ्य कुत्रा. कोणाच्या दारात जायचा नाही, कोणावर भुंकायचा नाही. नाना छडी टेकत पुढं आणि मुन्शी चार पावलं मागं, असे दोघं सकाळ-संध्याकाळ बोळातून हिंडायचे.

एका उन्हाळ्यात मुन्शी पाणी फार प्यायला लागला. पितळी भरली की रिकामी. खायचाही दुप्पट, पण बरगड्या दिसायला लागल्या. नानांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना खटकल्या त्या मुंग्या. बोळाच्या टोकाला लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी मुन्शी पाय वर करायचा, आणि तिथं मुंग्यांची ही मोठी रांग लागलेली. मुंगी दिसली म्हणजे कुठंतरी गूळ आहे, हे नाक्यावरचं शिक्षण. नानांनी दोन दिवस त्या रांगेचा तपास केला. बिळं शोधली, मारवाड्यांच्या ओसऱ्या तपासल्या. शेवटी त्यांनी मुन्शीलाच समोर बसवलं आणि कोणाच्या घरचा गूळ चोरून खातोस म्हणून त्याची कैफियत घेतली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुन्शी मान खाली घालून ऐकत होता, आणि मधेच उठून पाणी पिऊन परत जागेवर येऊन बसला.

जनावरांच्या सरकारी डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला, म्हातारं झालंय, चालायचंच. मग नाना स्टेशनाकडच्या दवाखान्यात गेले. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, गोऱ्या, पण मराठी आपल्यासारखं बोलायच्या. त्या माणसांच्या डॉक्टर. त्यांनी आधी हाकलून दिलं. नाना आठ दिवस रोज सकाळी माणसांच्या रांगेत कुत्रा घेऊन बसले. नवव्या दिवशी बाईंनी मुंग्यांचं ऐकलं आणि एकदम गंभीर झाल्या. कुत्र्याला मधुमेह, म्हणाल्या. माणसाला होतो तसाच, मुतातून साखर जाते, म्हणून त्या मुंग्या. आता याला गोड बिलकुल नाही, आणि रोज सकाळ-संध्याकाळ सुई. हे औषध नवीन निघालंय, मुंबईहून मागवावं लागेल. सुई तुम्हीच टोचायची, कायमची. एक दिवस चुकलात तर कुत्रा हातचा गेला म्हणून समजा.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून घरी आला असता. नाना घरी आले ते माझ्याकडं वांगं मागायला. मी दोन दिली. त्यांनी त्या वांग्यांना पाण्याची सुई टोचून टोचून हात बसवला. चार दिवसांत माझी दोन शेर वांगी गेली. परत आणून दिली होती त्यांनी, पण इतकी भोकं पडलेली वांगी कोण खाणार?

औषधाची बाटली थंड जागी ठेवायची होती. नानांच्या खोलीला पत्रा, तिथं वैशाखात भाकरी थापली तर भाजून निघेल. म्हणून ती बाटली आली माझ्या स्वयंपाकघरात, माठाखालच्या ओल्या वाळूत. मी कशाला हो म्हटलं देव जाणे! तेव्हापासून पहाटे सहाच्या ठोक्याला आणि संध्याकाळी सहाला नाना माझ्या दारात उभे. मागं मुन्शी. आणि बाटली काढता काढता नानांची नजर माझ्या फळीवरच्या डब्यांवरून फिरायची.

त्यांची सगळी रीत मला पाठ झाली होती. पहाटे मुन्शी लिंबाकडं निघाला की नाना हातात लांब दांड्याची डोई, म्हणजे मोठी पळी, घेऊन त्याच्या मागं. कोट, रुमाल आणि डोई! मुन्शीनं पाय वर केला की डोई पुढं. पहिले काही दिवस मुन्शी लाजून पाय खाली घ्यायचा आणि दोघं तसेच एकमेकांकडं बघत उभे राहायचे. पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून तोंडाला पदर लावायच्या. नानांना त्याचं काही नव्हतं. मग ओट्यावर बसून स्पिरिटचा दिवा पेटवायचे, काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचे, त्यात डोईतले आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर बरं चाललंय. पिवळं झालं तर पथ्य मोडलंय. आणि विटेसारखं लाल झालं तर नाना उठून सगळ्या बोळाची चौकशी करायचे. रंग वहीत लिहायचे, उर्दूत. मग ज्वारीची भाकरी आणि उकडलेलं मटण मोजून, आणि मग पिचकारीच्या चार रेघा औषध मानेच्या कातड्याखाली. सुई दगडावर पाजळलेली, पाण्यात उकळलेली. मुन्शीचं पोट भरल्याशिवाय सुई नाही, ही डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती.

मुन्शीलाही त्यांनी कायदा शिकवला. समोर काहीही ठेवा, नाना "मंजूर" म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. तीन महिने लागले, पण शिकला. मी एकदा मुद्दाम त्याच्यासमोर मटणाचा तुकडा ठेवला. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मलाच शरम वाटली.

पण मुन्शी शिकला तरी नानांचा विश्वास बसला का? छे! बोळात गूळबंदी झाली. पोरांच्या हातातल्या गोळ्या गेल्या, हळदीकुंकवाला साखर वाटायची तर दार लावून. माझ्या स्वतःच्या घरात मी गुळाची ढेप ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती. नवऱ्याला चहा करायचा तर आधी बाहेर डोकावून बघायचं, मग कणगीत कोपरापर्यंत हात घालायचा. आमचे हे हसायचे. म्हणायचे, तू आता अट्टल चोरटी झालीस.

आणि मग आली कालभैरवाची अष्टमी.

आमच्या बोळात चार घरं मारवाड्यांची. पिढ्यान्पिढ्या इथलेच, कापडाची दुकानं. त्यांच्याकडं त्या दिवशी काळ्या कुत्र्याला गोड खाऊ घालतात, कारण कुत्रा हे भैरूजींचं वाहन. जिलेबी, गुलगुले, इमरती. आदल्या वर्षापर्यंत मुन्शीची त्या दिवशी चंगळ असायची. त्यांच्यात थोरल्या जमनाबाई, स्वभावानं मऊ पण धर्माच्या बाबतीत लोखंडाची कांब. नानांनी आठ दिवस आधीच त्यांच्या मालकांना जाऊन सांगितलं होतं, की हा कुत्रा आजारी आहे, यंदा दुसरा बघा. मालक बरं म्हणाले. पण बोळात काय, चार गल्ल्यांत दुसरा निखळ काळा कुत्रा नव्हता. एक होता त्याचे पंजे पांढरे होते, आणि जमनाबाईंना तसला चालत नव्हता.

नानांनी तोड काढली. कुत्रा काळाच नसला तर? अष्टमीच्या दिवशी त्यांनी चुलीतली राख चाळून घेतली आणि मुन्शीला नाकापासून शेपटापर्यंत चोळली. काळा मुन्शी राखाडी झाला. नाना खूश. "आता याला कोण ओळखून राह्यलंय?" म्हणाले आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्याला लिंबाकडं घेऊन निघाले.

जमनाबाई दारातच होत्या. त्यांनी अंगभर राख फासलेला काळा कुत्रा पाहिला आणि हात जोडले. नुसता काळा कुत्रा म्हणजे भैरूजींचं वाहन. पण भस्म लावलेला? हे तर साक्षात भैरूजीच आले! त्यांनी आत हाक दिली, आणि चारही घरांतल्या सुना, लेकी, सासवा पदर डोक्यावर घेऊन, थाळ्या घेऊन बाहेर आल्या. पलीकडच्या गल्लीतल्याही आल्या. मुन्शीच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, कपाळाला कुंकू लागलं, आणि पुढ्यात जिलेब्यांचा ढीग.

नाना बाहेर राहिले. पुरुषांची गर्दी असती तर त्यांनी छडीनं वाट काढली असती. पण बायकांना हात लावायचा नाही, बायकांची झडती बाईनंच घ्यायची, हा नाक्याचा नियम. तो त्यांनी उभ्या नोकरीत मोडला नव्हता. त्या घोळक्याभोवती ते नुसते फेऱ्या मारत होते. मग त्यांना मी दिसले. म्हणाले, "सूनबाई, तुम्ही आत शिरा. काय काय खाल्लं ते बघा."

अशी मी एका दिवसाची झडतीवाली झाले. कोपरं मारत आत गेले. आत बघते तर मुन्शी ताठ बसलेला, तोंड एका बाजूला फिरवून. जमनाबाई जिलेबी त्याच्या ओठाला लावत होत्या, पाक मिशांवरून गळत होता, पण पठ्ठ्यानं दात उघडले नाहीत. मंजूर म्हणणारा माणूस बाहेर होता ना! पुढ्यातली जिलेबी शेवटी त्या पांढऱ्या पंज्याच्या कुत्र्यानं आणि कोणाच्या तरी शेळीनं मागून येऊन फस्त केली. बायका निघाल्या तेव्हा खाली फक्त रिकामी पानं उरली होती.

मी नानांना जाऊन सांगितलं, "नाना, त्यानं कणभर खाल्लं न्हाई. मी बघितलं."

नानांनी रिकामी पानं पाहिली. मुन्शीच्या मिशांवरचा पाक बोटानं पुसून पाहिला. म्हणाले, "असं सगळेच म्हणतात."

त्यांनी रंग तपासायला हवा होता. पण माळा-कुंकवानं मुन्शी इतका भांबावला होता, की लिंबाखाली अर्धा तास उभा राहूनही त्यानं पाय वर केला नाही. नानांना धीर निघेना. इतकी साखर पोटात गेलीय, आता रक्तात चढेल, हेच त्यांच्या डोक्यात. माझ्या माठाखालची बाटली काढली आणि चार रेघांच्या जागी आठ रेघा टोचल्या. वर त्याची भाकरीही बंद केली. इतकं हादडल्यावर जेवण कशाला, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, नाना, त्याचं पोट रिकामं आहे हो. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. आणि मीही, एवढी तोंडाळ बाई, त्या दिवशी नेमकी गप्प बसले. ते मला अजून लागतं.

दिवेलागणीला मी ओट्यावर दिवा ठेवत होते, तेव्हा मुन्शी समोरच्या खोलीतून बाहेर आला. दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांडत दोन पावलं टाकली आणि पडला. पाय ताठ झाले, अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस. नाना धावत बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. त्यांना कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, औषध जास्त झालं किंवा पोट रिकामं राहिलं तर असा पडेल. मग ताबडतोब तोंडात गूळ-साखर काहीतरी गोड घाला, नाहीतर जाईल.

नानांच्या घरात गुळाचा खडा नव्हता. नानांनीच ठेवला नव्हता. ते जमनाबाईंच्या दाराकडं धावले, दार ठोठावलं आणि ओरडले, "गूळ आहे का घरात? साखर आहे का? जल्दी सांगा!"

आतून आवाज आला, "न्हाई साहेब, आमच्याकडं काहीच न्हाई."

पुढचं दार. "न्हाई साहेब, सकाळीच संपलं." त्याच्या पुढच्या घरात तर दिवा फुंकल्याचं मला दिसलं आणि आत डबे लपवल्याचा आवाज आला. अष्टमीचा सण, घराघरात जिलेबीची ताटं, आणि सगळा बोळ एका सुरात सांगत होता, की आमच्याकडं गोड काही नाही. बोळाला वाटलं, दुपारच्या जिलेबीवरून नाकेदारांनी धाड घातली. नाना दारादारांतून हात जोडत होते. "अहो, जप्त करायला न्हाई, मागायला आलोय," म्हणत होते. खरं कोणाला वाटेना.

मी घरात पळाले. कणगीचं झाकण फेकलं, कोपरापर्यंत हात घातला आणि ढेप ओढून काढली. ज्वारी घरभर झाली. बत्त्यानं गूळ फोडला, पाण्यात कालवला आणि तशीच ज्वारीनं भरलेल्या हातानं बाहेर आले. नानांनी माझ्या हातातला गूळ पाहिला. त्यांनी मुन्शीचा ओठ वर धरला आणि मी गुळाचं पाणी बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळायला लागले. चोळत राहिले. ज्या कुत्र्याच्या नावानं मी सहा महिने बोटं मोडली, त्यासाठी मी खंडोबाला साकडं घातलं.

जरा वेळानं थरथर कमी झाली. मग त्यानं जीभ हलवली. मग तो चाटायला लागला, माझी बोटं, वाटी, जमिनीवर सांडलेलं. तोवर दारं उघडली होती. जमनाबाई स्वतः साखरेची वाटी घेऊन आल्या आणि लाजून उभ्या राहिल्या. मुन्शी उठून बसला, तेव्हा नानांनी त्याला हातानं भाकरी भरवली. मंजूर म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, पण मुन्शीनं ती खाल्ली. आमचे हे सायकलीनं डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी सुई द्या, चारऐवजी तीन रेघा, पण चुकवू मात्र नका.

मुन्शी त्यानंतर चांगले दोन उन्हाळे जगला. पण माझ्या मनात राहिलीय ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सहाचा ठोका पडला आणि माझ्या दारात कोणी आलं नाही. सव्वासहा झाले. मग मीच बाटली घेऊन समोर गेले. नाना बाजेवर बसले होते. पिचकारी उकळून ठेवलेली, मुन्शीचं खाणं झालेलं, नळीत रंग हिरवा आलेला. सगळं बराबर. फक्त पिचकारी नानांनी हाताला लागणार नाही अशी दूर सारून ठेवली होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्यानं होत न्हाई. याला डॉक्टरीणबाईकडं सोडून येतो. त्यांच्याकडं जगंल तरी."

मी म्हटलं, नाना, असं कसं, तो तुमच्याशिवाय राहायचा न्हाई. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले. मुन्शी त्यांच्याकडं कसा आला ते मी कधी विचारलं नव्हतं. वऱ्हाडाकडं निघालेल्या एका सरकीच्या गाडीबरोबर तो आल्ता, म्हणाले. लहान होता. त्यांनी गाडी थांबवली, झडती घेतली, सोडली. गाडी गेली, आणि कुत्रं गाडीमागं न जाता त्यांच्यासमोर बसून राहिलं. हाकललं तरी जाईना.

"तीस वर्षं माणसं माझ्यासमोर थांबली, सूनबाई. गेल्यावर एकानंबी मागं वळून बघितलं न्हाई. कशाला बघतील? सगळी नाइलाजानं थांबलेली. हा एकटाच आपल्या मनानं थांबला. अन् काल तो तोंड फिरवून सांगून राह्यल्ता, की मी खाल्लं न्हाई. तुम्ही सांगितलं. मी त्याचंबी खरं मानलं न्हाई."

मी बाटली हातात धरून तशीच उभी होते.

मुन्शी बाजेखाली पडला होता. अंगावर अजून थोडी राख होती. तो उठला, जरा डगमगला, अंग झाडलं, आणि नानांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे येऊन उभा राहिला. रोज राहायचा तसाच. मग त्यानं मान खाली केली आणि सुईची जागा त्यांच्या हातापुढं आणली.

नाना त्या मानेकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडून बाटली घेतली, तीन रेघा औषध ओढलं, उजेडाकडं धरून पाहिलं, आणि मला म्हणाले, तुम्हीही बघा, तीनच आहेत ना. मी बघितलं आणि तीनच आहेत म्हणाले. त्यांनी ते खरं मानलं.

सुई गेली आणि निघाली. मुन्शी हलला नाही. नानांनी पिचकारी बाजूला ठेवली, डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर घेतला आणि त्या कुत्र्यासमोर दोन्ही हात जोडले. उभ्या आयुष्यात झडती घेतलेल्या कोणाची त्यांनी माफी मागितली नव्हती.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "माझं चुकलं."

आणि ते रडायला लागले. मी पदर तोंडाला लावला आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसले.